उत्तरदाता क्रमांक एक

माझ्या प्रबंधातला उत्तरदाता क्रमांक एक हा माझा सख्खा थोरला भाऊ आहे, ही गोष्ट मी तेहतीस वर्षं कुणाला सांगितली नाही.

रीतीप्रमाणे पाहणीची सुरुवात चिठ्ठ्या टाकून निघालेल्या घरापासून करायची असते. मी ती आमच्याच घरापासून केली, कारण दुपारचा एक वाजला होता, ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं आणि वहिनीने पिठलं टाकलं होतं. पूर येऊन दोन महिने झाले होते. नांदवडे शहरातल्या नदीवेस भागात भिंतींवरची पाण्याची रेघ अजून वाळली नव्हती. जेवण झाल्यावर मी प्रश्नावली काढली आणि गंभीर चेहरा करून विचारलं, "घर सोडण्याचा निर्णय तुम्ही कशामुळे घेतला?"

"तुम्ही कुणाला म्हणतीस? मी काय कलेक्टर हाय?" दादा म्हणाला.

"मला लिहायचंय. सांग ना."

"मला वाटलं, पाणी येणार. टेम्पोत गाद्या टाकल्या. मग शेजारच्यांनी टाकल्या. ह्यात लिवण्यासारखं काय हाय?"

लिहिण्यासारखं तेवढंच होतं, हे मला पुढची सहाशे अकरा घरं फिरल्यावर कळलं. कुणी सरकारी भोंग्यामुळे घर सोडलं नव्हतं, कुणी रेडिओ ऐकून सोडलं नव्हतं. शेजारचा गेला म्हणून आम्ही गेलो, असं प्रत्येकजण सांगत होता. शेजाऱ्याला विचारलं तर तो त्याच्या शेजाऱ्याकडे बोट दाखवायचा. अशी बोटं जोडत गेले की बहुतेक वेळा मी आमच्याच दाराशी येऊन पोचायची. माझा भाऊ शामराव तोडकर पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला होता. पहाटे लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो गल्लीगल्लीतले वॉल उघडायचा. नळाचं पाणी कधी येणार हे ज्याला ठाऊक, त्याला नदीचं पाणी कधी येणार हेही ठाऊक असणार, असा नदीवेशीतल्या लोकांचा समज होता. तर्काला काही आधार नाही. पण लोक तर्काने घर सोडत नाहीत, आणि हाच माझा शोध.

मी त्याला 'शेजारनियम' असं नाव दिलं. या एका नियमावर मी व्याख्याती झाले, प्राध्यापक झाले, नागरी धोरण आणि आपत्ती व्यवस्थापन या विभागाची प्रमुख झाले आणि निदान चौदा देशांतलं विमानतळावरचं जेवण जेवले. दादा प्रत्येक वेळी विचारायचा, "अजून त्योच पूर चाललाय का तुझा?"

पूर ही पाण्याची गोष्ट आहे असं लोकांना वाटतं. पाण्याचं गणित मात्र केव्हाच सुटलं. धरणातून किती पाणी सोडलं, पात्र किती रुंद, उतार किती, एवढं दिलं की कुठल्या गल्लीत कुठल्या पायरीला किती वाजता पाणी लागेल हे दहा मिनिटांच्या फरकाने सांगता येतं. सुटत नव्हतं ते माणसांचं गणित. सहा वर्षांपूर्वी आमच्या विभागाने 'प्रतिनगर' उभं केलं तेव्हा तेही सुटलं, असं आम्ही जाहीर केलं.

प्रतिनगर म्हणजे संगणकातलं दुसरं नांदवडे. खऱ्या शहरात जेवढी घरं, तेवढी तिथे. प्रत्येक घरात तितकीच माणसं, त्याच वयाची, तेवढ्याच वाहनांची. फोनच्या हालचाली, वीज आणि गॅसचे मीटर, मागच्या पुरांच्या नोंदी, यांवरून प्रत्येक घराचा स्वभाव यंत्र शिकतं: हे घर कुणाकडे बघून हलतं, किती शेजारी गेल्यावर हलतं, हलायला किती वेळ घेतं. मग त्या नगरात रोज हजार वेळा पूर आणायचा आणि काय होतं ते बघायचं. खरा पूर येतो तेव्हा त्याची तालीम आधीच झालेली असते.

याचा उपयोग सरळ होता. नदीवेशीत अकराशे चाळीस घरं आणि वर यायला ओढ्यावरचा एकच पूल. पूर्वी भोंगा वाजला की सगळी एकदम निघायची आणि पुलावर अडकायची. एका वर्षी पाण्याने कुणी गेलं नाही, पुलावरच्या चेंगराचेंगरीत सहा माणसं गेली. म्हणून आम्ही भोंगा बंद केला. प्रतिनगरने अडतीस घरं निवडली. फक्त त्या अडतीस घरांना, प्रत्येकाला पटेल अशा शब्दांत निरोप द्यायचा. ती हलली की शेजारनियमाने बाकीची आपोआप, ओळीने, न चेंगरता हलतात. या घरांना आम्ही बीजघरं म्हणतो. दोन पुरांत हे अगदी चोख चाललं.

आपण बीजघर आहोत हे त्या घराला कळता कामा नये. कळलं की माणूस सहज वागत नाही, मुद्दाम वागतो, आणि मुद्दाम वागणाऱ्याचं गणित आमच्याकडे नाही. म्हणून नियमावलीत कलम सात घातलं: बीजघराला कळवू नये, कळल्यास ते घर यादीतून कायमचं काढावं. हे कलम मीच लिहिलं. बीजघर क्रमांक एक कोणतं, ते वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

सहा वर्षं मी दादाकडे सणावाराला जात होते आणि ही गोष्ट पोटात ठेवून जेवत होते. मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं, हे कबूल करते. त्याचा टेम्पो विकला गेला हे मी गप्पांत ऐकलं आणि सोमवारी नोंदीत घातलं. त्याचा डावा गुडघा दुखतो, हे वहिनी काळजीने सांगत होती. तेही घातलं.

यंदाचा पूर भाद्रपदात आला. तोवर पावसाळा संपल्यात जमा होता, धरण काठोकाठ भरलेलं होतं, आणि घाटावर दोन दिवसांत महिन्याचा पाऊस पडला. सकाळी दहाला धरणाचा आकडा आला: दुपारी दोनला सगळे दरवाजे उघडणार. हिरणा नदीचं पाणी नदीवेशीत साडेचारपासून शिरेल, सातला माड्यांना लागेल. सव्वादहाला अडतीस निरोप गेले. बाराला त्या भागाची वीज तोडली. नियंत्रण कक्षातल्या भिंतीभर पडद्यावर नदीवेशीची घरं एकेक करून हिरवी व्हायला लागली. हिरवं म्हणजे रिकामं. दीड वाजता सत्त्याण्णव टक्के घरं हिरवी होती. आयुक्तसाहेबांनी पेढे मागवले. गणपतीचे दिवस असल्यामुळे पेढे लगेच आले.

प्रतिनगर चालवणारी माझी सहकारी अस्मिता पांचाळ म्हणाली, "मॅडम, आजपर्यंतचा सगळ्यात सुंदर आलेख."

आलेख सुंदर होता. मी पेढा तोंडात टाकला आणि वहिनीला फोन लावला. टेकडीवरच्या शाळेत पोचलात का, एवढंच विचारायचं होतं.

"पोचलो वन्सं," वहिनी म्हणाली. मागे पोरांचा गलका होता. "सूनबाई, नातवंडं, समदी हाय. उद्या गौरी यायच्या आन हे असं झालं बघा."

"दादाला दे."

"हे कुठं आल्यात? हे घरात हायत. देव बसलाय न्हवं? कुलूप कसं लावायचं?"

पेढा तोंडातच राहिला. ज्या घरात गणपती बसलाय ते घर विसर्जनापर्यंत रिकामं ठेवत नाहीत. कुणीतरी एकाने देवापाशी थांबायचं. ही रीत मी पाळण्यात असल्यापासून बघत आले आहे. एरवी आमचं सगळं घर एकदम लग्नाकार्याला बाहेर पडायचं, या दिवसांत मात्र कधीच नाही.

"वहिनी, त्या शाळेत जरा नजर टाक. म्हातारी माणसं किती दिसतात?"

तिने दोन-तीन वर्गांत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "म्हातारं माणूस एक बी दिसत न्हाई हो. समद्यांनी एकेक घरात ठिवल्यालं दिसतंय. ह्यांनी म्हटलं, तुम्ही व्हा फुडं, मी बसतो. ते बघून सावंतांचे तात्या बसले. मग काय..."

मी फोन ठेवला आणि अस्मिताला विचारलं, "घर हिरवं कधी होतं?"

"घरातले तीन चतुर्थांश फोन बाहेर पडले की. तुम्हीच ठरवलं होतं, मॅडम. एखादा फोन घरात विसरलेला असतोच, म्हणून."

"आज विसरलेले फोन किती?"

तिने आकडा काढला. एक हजार सोळा.

"ते जागेवर आहेत की हलतायत?"

तिने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. विसरलेला फोन माजघरातून दारात आणि दारातून माजघरात जात नाही.

यंत्राने काही चूक केली नव्हती. मागचे सगळे पूर आषाढ-श्रावणातले. गणपती त्याला ठाऊक होता, पण मिरवणुकीच्या दिवशी बंद होणारे रस्ते म्हणून. घरात बसलेला देव त्याला कुणी सांगितला नव्हता. सांगायला हवा होता मी. मी त्याच घरात वाढले, आणि तीन चतुर्थांश हा अपूर्णांकही माझाच. शेजारनियम मात्र त्या दिवशी शंभर टक्के खरा ठरला होता. पहिल्या घराने एक माणूस मागे ठेवून बाकीचे पाठवले, आणि एक हजार घरांनी अगदी तसंच केलं.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. थांबलेली माणसंही शेजारी बघूनच ठरवतात, एवढंच आम्ही प्रतिनगरला सांगितलं आणि तीन तालमी घेतल्या. भोंगा वाजवला तर नव्वद-शंभर माणसं निघतात. पोलीस आणि होड्या घालून एकेकाला उचललं तर सातपर्यंत साडेतीनशे. बीजघर क्रमांक एक देव घेऊन स्वतः बाहेर पडलं तर साडेनऊशेच्या वर.

"पण त्यांना कसं काढणार?" आयुक्तसाहेब म्हणाले. "तुमचा निरोप तर सकाळीच गेलाय."

"मी जाते," मी म्हणाले. "होड्या आणि पोलीसही पाठवा. खालच्या बाजूने सुरुवात करायला सांगा."

अस्मिता जिन्यापर्यंत मागे आली. "मॅडम, कलम सात," ती हळूच म्हणाली. सांगितलं तर बीजघर जाणार, आणि एकदा नदीवेशीत बोभाटा झाला की पद्धतच जाणार, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. जीपमध्ये बसल्यावर मी त्याचा विचार केला. दादाचा विचार त्यानंतर आला. क्रम असा होता, तो बदलून सांगण्यात अर्थ नाही.

दार उघडंच होतं. मखरापुढे समई तेवत होती. दादा बनियन-पायजम्यात खुर्चीवर बसला होता, डावा पाय समोरच्या स्टुलावर.

"वैजू? आज कशाला आलीस? गौरीचं जेवण परवा हाय."

"दादा, ऊठ. शाळेत चल."

"देव एकटा ठेवत्यात व्हय?"

मी त्याला धरणाचा आकडा सांगितला. साडेचारला उंबरा, सहाला खिडकी, सातला माडी. त्याने नीट ऐकून घेतलं. आकड्यांना तो कधी नाही म्हणत नाही, खात्यात जन्म गेला त्याचा.

"माडीवर जाऊन बसतो, देवाला घिऊन."

"माडी बुडणार आहे."

"मग बुडू दे. एकाहत्तर झाली मला. तू कशाला जिवाचा आटापिटा करतीस?"

"तुझ्या एकट्याचं असतं तर मी..." वाक्य मी पुरं केलं नाही. काय म्हणणार होते, मलाही माहीत नाही. "शेजारी सावंतांकडे कोण आहे?"

"तात्या."

"पलीकडे?"

"पलीकडं म्हातारी. तिच्या पलीकडं बापू मेस्त्री. समद्यांच्यात देव हाय."

"ते देवासाठी थांबलेत आणि तुझ्यासाठी थांबलेत. तू सकाळी उठून गेला असतास तर तेही गेले असते. तू थांबलास म्हणून हजार माणसं या पेठेत बसली आहेत दादा."

मग मी सगळं सांगितलं. प्रबंध, शेजारनियम, अडतीस घरं, क्रमांक एक. वर्गात दोन तास लागतात, तिथे चार मिनिटांत झालं. दादा मखराकडे बघत ऐकत होता.

"किती वर्षं चाललंय?"

"यंत्रात सहा. त्याआधी वहीत."

"सकाळी वॉर्डातनं फोन आला. तोडकर मामा, खात्याला तुमची आठवण हाय, तुमच्यासाठी गल्लीच्या तोंडाला टेम्पो उभा केलाय. मी तात्याला सांगितलं, बघ, रिटायर हुऊन तेरा वर्षं झाली तरी खातं विसरलं न्हाई. ते खातं न्हवतं तर."

"ते वाक्य मी लिहिलं होतं."

दादाने मान हलवली. "चांगलं लिवलंयस," तो म्हणाला. "आणखी काय काय लिवलंयस माझ्याबद्दल?"

"गुडघा."

त्याने स्टुलावरच्या गुडघ्याकडे बघितलं आणि पाय खाली घेतला. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच वाटली आणि चांगलीच वाटली.

"आता काय करायचं म्हणतीस?"

"देवाला घेऊन बाहेर पड. सगळ्यांना दिसेल असा. पुलापर्यंत चालत."

"गौरी यायच्या आधी देव घालवायचा?"

"हो."

"सुतक आलं तर घालवत्यात," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग खुर्चीचा हात धरून उठला. "दही हाय का बघ फळीवर."

वहिनीने विरजण लावलेलं होतं. दादाने हातपाय धुतले, अंगात सदरा घातला, समई सारखी केली. घाई केली नाही. आरती सगळी म्हटली, एक कडवंही गाळलं नाही. मूर्तीच्या हातावर दही ठेवलं आणि मूर्ती जागेवरून जराशी सरकवली. एवढं केलं की देव निघाला, असं मानतात. मी घड्याळ बघितलं, चौदा मिनिटं झाली होती. मी घड्याळ बघितल्याचं त्याने बघितलं.

"झांज घे," तो म्हणाला. "माझ्या मागनं ये."

मूर्ती वीतभर उंचीची, शाडूची. पाटावर ठेवून तो उंबऱ्याबाहेर पडला आणि त्याने मोरया म्हणून आवाज दिला. आधी आवाज फुटला नाही, दुसऱ्यांदा फुटला. सावंतांचे तात्या लगेच दारात आले.

"शामराव, आजच?"

"आजच. दही ठिव हातावर आन चल."

पलीकडच्या म्हातारीलाही तो तेच म्हणाला. पुढच्या दाराशी त्याला म्हणावं लागलं नाही, तात्यांनीच म्हटलं. पेठेच्या मध्यावर पोचलो तोवर ते वाक्य आमच्या पुढे गेलं होतं. ज्यांच्या घरात दही नव्हतं त्यांना शेजारून वाटी येत होती. मी मागे वळून मोजायला लागले आणि सत्तरनंतर मोजणं सोडलं. प्रत्येकाच्या हातात पाट, पाटावर देव, कुणाच्या डोक्यावर टॉवेल, कुणाच्या काखेत काठी. कुणी पळत नव्हतं. आलेखात उतरली असती तर ही रेघ सकाळच्यापेक्षा सुंदर आली असती.

चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही रंगारी बोळाच्या तोंडाशी आलो. सतरा घरांचा तो बोळ ओढ्याकडे उतरत जातो. ओढा तुंबून पाणी आधीच आत शिरलं होतं, गुडघ्याएवढं. दादा तिथे थांबला. बोळात बघितलं, हातातल्या पाटाकडे बघितलं. मग सरळ पुढे चालू लागला. बोळातली चौदा घरं आवाज ऐकून आपणहून बाहेर आली. तीन घरांतली चार माणसं आली नाहीत. पोलिसांची होडी तिथे पोचली तेव्हा साडेपाच वाजले होते आणि ओढ्याची धार बोळातून वाहत होती.

एक हजार सोळांपैकी एक हजार बारा माणसं वर आली. शाळेच्या वर्गांत बाकांवर देव ओळीने बसले, त्यांच्यापुढे माणसं. दुसऱ्या दिवशी आयुक्तसाहेबांनी माझा हात बराच वेळ हातात धरला. पंधरा दिवसांत मी अहवाल पाठवला, महिन्याभरात परिषदेचं निमंत्रण आलं. प्रतिनगरमध्ये देव बसवला. तीन चतुर्थांश काढून टाकले.

"मॅडम, बीजघर एक काढू?" अस्मिताने विचारलं.

"काढ," मी म्हणाले. कळ दाबायला अर्धा सेकंद लागतो.

भाऊबीजेला दादाकडे गेले. भिंती नव्याने रंगवल्या होत्या, तरी माडीवरच्या खिडकीवरची रेघ रंगातून वर आली होती. वहिनी ओवाळणीची तयारी करत होती तेव्हा दादाने विचारलं, "तुझा अहवाल हाय का जवळ?"

मी छापील प्रत दिली. त्याने चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचत गेला. सतराव्या पानावर थांबला.

"'रंगारी बोळात पाणी असल्याने उत्तरदाता क्रमांक एक याने मार्ग बदलला.' हे कुणी सांगितलं तुला?"

"मी मागेच होते ना. गुडघ्याएवढं पाणी होतं."

"गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून मी तीस वर्सं वॉल उघडलेत, वैजू."

"मग?"

त्याने चष्मा काढला. "मूर्ती शाडूची. पाय घसरला आन भिजली तर, म्हणून न्हाई गेलो." तो थांबला. "भिजवायलाच न्हेत हुतो की."

मी सतराव्या पानावरची ती ओळ पुन्हा वाचली.

"गोदाक्का. रंगारी मास्तर आन त्यांची बायको. तुकाराम गवंडी," तो म्हणाला. "मास्तरांच्या आन तुकारामाच्या घरी जाऊन आलो. गोदाक्काचं कुणी न्हाईच. तू मला सांगितलं नसतंस तर मी आपला माझा देव घिऊन गेलो असतो, आन लोक त्यांचं त्यांचं. मला हे कळलंच नसतं."

"दादा, हजार माणसं वाचली."

"ती तुझी. माझी ही चार."

तो रागावलेला नव्हता, हे सगळ्यात वाईट. रागावला असता तर मी समजूत काढली असती, त्याची सवय आहे मला. जे ओझं मी तेहतीस वर्षं टेबलावर ठेवून त्याचा अभ्यास केला, ते मी त्या दुपारी चार मिनिटांत त्याच्या खांद्यावर दिलं होतं. ते परत घ्यायची रीत माझ्या विषयात नाही. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

"रडू नगंस," तो म्हणाला. "लिव. हितंच लिव, काय झालं ते."

"त्याची गरज नाही दादा. कुणी विचारणार नाही."

"म्हणून तर लिव."

मी पेन काढलं. छापील ओळ खोडली आणि समासात लिहिलं: 'मूर्ती भिजेल या भीतीने उत्तरदाता क्रमांक एक बोळात गेला नाही.' त्याने ते दोनदा वाचलं. मग माझ्या हातातून पेन घेतलं, 'उत्तरदाता क्रमांक एक' यावर रेघ मारली आणि वर, हजेरीपटावर सही करायचा तशा अक्षरात, लिहिलं: शामराव गणू तोडकर, चावीवाला.

उत्तरदात्याचं नाव उघड करू नये, असा नियम आहे. विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला शिकवते मी तो. वहिनीने आतून हाक मारली. मी प्रत पिशवीत ठेवली, नाव तसंच राहू दिलं, आणि ओवाळायला उठले.